वाळवंटातला चौथा डबा

माझा नवरा या क्षणी कुठं आहे, हे मला नेहमी ठाऊक असतं. उत्तर किती, पूर्व किती, सगळं. तो तिथं का आहे, हे मात्र लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कुणाला धड सांगता आलेलं नाही.

जयदीप मोकाशी, मूळचा चिंचवडचा, मुक्काम सौदी अरबस्तानातलं अल-खोबर. एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. तिथं प्रत्येक व्हॉल्व्हला, प्रत्येक गेजला नंबराचा बिल्ला लटकवलेला असतो, आणि हा माणूस ती सवय घरी घेऊन आला. आमच्याकडे पत्ता सांगायची रीत साधी आहे. फार्मसीच्या मागं, मशिदीच्या डावीकडं, निळ्या पाटीच्या बकाल्यासमोर. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. जयदीप पाण्याच्या बाटल्या आणणाऱ्याला अक्षांश-रेखांश सांगतो. मग तो बिचारा मला फोन करतो, "मॅडम, साब क्या बोल रहा है?" मी म्हणते, "फार्मसी के पीछे." तो म्हणतो, "खलास," आणि पाणी येतं.

हे सगळं त्याच्या त्या छंदापायी. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. जगभरातले काही लोक कुठंतरी एखादी डबी लपवून ठेवतात आणि तिची जागा आकड्यांत एका साइटवर टाकतात. बाकीच्यांनी हातातलं जीपीएस यंत्र घेऊन ती शोधत हिंडायचं. सापडली की आतल्या कागदावर नाव लिहायचं. आतली एखादी वस्तू आवडली तर घ्यायची, पण बदल्यात आपली एक ठेवायची. मग डबी होती तशी परत लपवायची आणि साइटवर जाऊन दोन ओळी लिहायच्या, झालं.

"मग मिळतं काय?" मी अगदी सुरुवातीला विचारलं होतं.

"सापडतं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि पुन्हा यंत्राचे सेल बदलायला लागला.

ते यंत्र पिवळं आहे, साबणाच्या डबीएवढं, वर बोटभर अँटेना. कमरेच्या पट्ट्याला अडकवायची त्याची पिशवीही आहे. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला बायकांना सोडायला आलेले बाकीचे नवरे इस्त्रीच्या शर्टात होते. माझा कमरेला यंत्र लावून आला होता. "फोनमध्ये नकाशा आहे की तुझ्या," मी म्हटलं, तर मला म्हणतो, "फोन पोचायला असतो, नूपुर. हे शोधायला असतं." आणि गंमत अशी की ते यंत्र जागेपर्यंत नेतं, 'पोचलात' म्हणून टुंग वाजतं, आणि मग खरा गोंधळ सुरू होतो. कारण त्याचं 'पोचलात' म्हणजे आसपासच्या आठ-दहा पावलांत कुठंही. एवढ्यात आमच्याकडे झुडपं, दगड, दिव्याचे खांब आणि माणसं असं सगळं बसतं.

कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या बागेत, त्याला एकदा अशी एक डबी शोधायची होती. संध्याकाळची वेळ, चहूकडे चटया टाकून कुटुंबं बसलेली, कहव्याचे थर्मास, पोरांच्या सायकली. आणि आमचे साहेब एका झुडपात डोकं खुपसून, मागचा भाग जनतेकडे करून बसलेले. मी आडोसा म्हणून भाजीची पिशवी घेऊन समोर उभी. एक म्हातारे सौदी गृहस्थ उठून आले आणि काळजीनं विचारायला लागले, काय हरवलंय? जयदीपला अरबी येतं ते शटडाउनपुरतं, म्हणजे कारखाना बंद ठेवून दुरुस्ती चालते तेव्हा लागतं तेवढं. तो म्हणाला, "माफी मुश्किला, माफी मुश्किला," म्हणजे काही अडचण नाही, आणि आणखी आत शिरला. गृहस्थांनी मुलांना हाक मारली. पाच मिनिटांत सात माणसं झुडपात, काय शोधतोय हे कुणालाच ठाऊक नाही. आमची लेक तन्वी दूर बाकावर जाऊन बसली होती. शेजारच्या बाईंनी तिला काही विचारलं असावं, कारण तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "आय डोन्ट नो धिस अंकल."

डबी सापडली ती त्या म्हाताऱ्यांनाच. जयदीपनं त्यांच्याकडून कागदावर सही घेतली आणि घरी येईपर्यंत खूश होता. दुसऱ्याला सापडलं तरी हा खूश होतो, हा त्याचा गुण मी मान्य केला पाहिजे.

तर असा हा माणूस इतरांच्या डब्या शोधून शोधून एके दिवशी स्वतःची लपवायला निघाला. जागाही त्यानं भारी शोधली. हायवे सोडून कच्च्या वाटेनं आत गेलं की चुनखडीचं एक बुटकं टेकाड लागतं, वर रुंद आणि खाली वाऱ्यानं कोरलेलं. त्याच्या पायथ्याशी एक कपार आहे. हिवाळ्यात शुक्रवारी लोक तिथं सहलीला येतात, एरवी उंटसुद्धा फिरकत नाही. तिथं त्यानं आधी प्लॅस्टिकचा डबा ठेवला. जूनच्या उन्हात त्याचं झाकण तळलेल्या पापडासारखं वळलं. मग त्यानं दुसरा ठेवला. तो डबा कुठला, हे मला बरेच महिने माहीत नव्हतं. त्या जागेला साइटवर नाव दिलं 'नाशिक पॉइंट', माझं माहेर नाशिकचं म्हणून. मला तेव्हा ते गोडच वाटलं होतं.

पण तो डबा कुणाला सापडेना. म्हणजे कुणी शोधायलाच जाईना. आधीच इथं हा खेळ खेळणारे मोजके, त्यात ही जागा आडबाजूला. रोज सकाळी दात घासायच्या आधी तो साइट उघडून बघायचा आणि गप्प चहा प्यायचा. अख्खा हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुसरा हिवाळा आला, तरी बोहनी नाही. मी चिडवायचे, पण एकदा मी त्याला स्वतःच्याच डब्याच्या पानावर 'शुभेच्छा' असं लिहिताना पाहिलं आणि त्यानंतर चिडवणं बंद केलं.

आणि मग शीलामावशीचा फोन आला.

शीलामावशी म्हणजे माझ्या आईची बहीण. आई गेल्यावर माझं माहेर म्हणून जे काही उरलं, ते तिच्या गंगापूर रोडच्या दोन खोल्यांत उरलं. शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे, आणि तिचा शब्द आमच्या सगळ्या गोतावळ्यात शेवटचा असतो. माझ्या लग्नात तिनं मला सात स्टीलचे डबे दिले, एकात एक बसणारे. भांडीबाजारात त्या मशीनवाल्याच्या डोक्यावर उभं राहून तिनं प्रत्येकावर नाव घालून घेतलं: 'चि. सौ. नूपुर हिस शीलामावशीकडून सप्रेम.' सातही डब्यांवर. इकडं येताना माझे कपडे राहिले, पण डबे आले.

मावशीचा एक नियम आहे. ती कुणाकडे गेली की आधी स्वयंपाकघरात जाते आणि आपण दिलेलं भांडं जागेवर आहे का ते बघते. तिच्या वहिनीला तिनं एक परात दिली होती. ती तिला एकदा भाडेकरूच्या ओट्यावर दिसली. त्या दिवसापासून मावशी वहिनीशी बोलत नाही. त्या दोघी लग्नात शेजारी बसतात आणि एकमेकींना मीठ हवंय का ते तिसऱ्या माणसामार्फत विचारतात.

"व्हिसा आला गं," मावशी फोनवर म्हणाली. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी पोचते. डबे बरे आहेत ना?"

"मजेत आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवून शेल्फकडे बघितलं. एक, दोन, तीन, मग फट, मग पाच, सहा, सात. ती फट मी पूर्वीही पाहिली होती. तेव्हा जयदीपला विचारलं होतं, चौथा डबा कुठाय? तो म्हणाला होता, "वापरात आहे." मला वाटलं, ऑफिसात खाऊ नेत असेल. हा माणूस खोटं बोलत नाही, हीच त्याची अडचण आहे. विचारलं तेवढंच सांगतो.

या वेळी मी नीट विचारलं. "वापरात म्हणजे कुठं?"

त्यानं यंत्र काढलं. "उत्तर सव्वीस अंश—"

"जयदीप!"

"नाशिक पॉइंटला," तो म्हणाला. "प्लॅस्टिक टिकत नाही गं उन्हात. आणि मी विचार करून मधला घेतला. मोठा किंवा छोटा घेतला असता तर तुझ्या लगेच लक्षात आलं असतं."

त्यानंतर घरात जे झालं ते मी इथं लिहीत नाही. तन्वीनं हेडफोन लावले, एवढं सांगते. शेवटी मी म्हटलं, "मावशी माझ्याशी बोलायची बंद झाली, तर मला माहेर उरणार नाही. कळतंय तुला? तो डबा मला शेल्फावर हवा आहे." माझा आवाज फुटला, तसा तो उठला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. ती मात्र त्याला सापडेना.

शनिवारी आम्ही गेलो. यंत्रानं टुंग केलं. कपारीत त्यानं हात घातला, मग खांद्यापर्यंत घातला, मग झोपून आत बघितलं. डबा नव्हता. ठेवलेला दगड नीट बाजूला केलेला, वाळूवर डब्याचा गोल ठसा, आणि आत काही नाही.

"गेला," जयदीप म्हणाला. इतक्या महिन्यांत कुणी आलं नाही, आणि आलं ते डबा घेऊन गेलं! तो वाळूत बसूनच राहिला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं मी येताना गाडीतला रेडिओ मोठ्यानं लावला.

मंगळवारी सकाळी मात्र न्हाणीघरातून ओरडा आला. तो तोंडात ब्रश धरूनच बाहेर आला, हातात फोन. एक जर्मन जोडपं, गाडीतच घर करून आखातभर हिंडणारं, त्यांनी साइटवर लिहिलं होतं. जयदीपनं फेसाळ तोंडानं मला अर्थ सांगितला: 'सापडला! सुंदर स्टीलचा डबा. वाळवंटाच्या मधोमध ताजी, गुलाबी, खोबऱ्याची मिठाई! तीन तिथंच खाल्ल्या, बाकीच्या वाटेसाठी घेतल्या. बदल्यात की-चेन ठेवली. आजवरची आमची सर्वांत लाडकी जागा.'

"बोहनी झाली!" तो म्हणाला.

"मिठाई कुठली?" मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. "हो की. खाद्यपदार्थ ठेवायला बंदी आहे. नियम आहे तसा." दिवसभर तो या दोन गोष्टींमध्ये लटकत होता. संध्याकाळी त्यानं साइटवर नम्र सूचना लिहिली की आत मिठाई ठेवू नये. त्यावर जर्मन बाईंचं लगेच उत्तर आलं, 'कृपया थांबू नका.'

आठवडाभर गाडी त्याच्याबरोबर कारखान्यात अडकलेली, तिथं शटडाउनचं काम चालू. म्हणजे जाणं पुन्हा शनिवारीच. गेलो. टुंग. कपार रिकामी! वाळूवर नवा गोल ठसा, तोही ताजा. जयदीपनं यंत्र दोनदा बंद करून चालू केलं, जणू त्यामुळं डबा परत येणार होता. आणि बुधवारी पुन्हा साइटवर एक नोंद. शेजारच्या दम्माम शहरातल्या एका सौदी तरुणानं लिहिलं होतं: 'सगळी मिठाई आईसाठी नेली. बदल्यात घरचा बखूर, म्हणजे जाळायचं सुगंधी लाकूड, ठेवला आहे. आई कृती विचारते.'

दर आठवड्याला जगाला सापडणारा डबा आम्हालाच तेवढा सापडत नव्हता. मी हाय खाल्ली. मावशी परवावर आली होती.

मग जयदीपनं उपाय काढला, आणि त्याचे उपाय हा एक वेगळाच विषय आहे. इंडियन स्टोअरमधून त्यानं त्याच मापाचा डबा आणला. "नाव घालून आणतो," म्हणाला, "आमच्या वर्कशॉपला बिल्ले कोरायचं मशीन आहे." गुरुवारी संध्याकाळी मोठ्या अभिमानानं त्यानं तो डबा ओट्यावर ठेवला. मशीनला देवनागरी येत नव्हतं आणि तिथल्या माणसाला नात्यागोत्याचं काही पडलेलं नव्हतं. डब्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत कोरलं होतं: 'एसएम-एनपी-०४', आणि खाली 'हँडल विथ केअर'.

तो डबा मी पलंगाखाली ढकलला.

शुक्रवारी सकाळी मावशी आली. विमानतळावर मला इतकी घट्ट मिठी मारली की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, आणि मनात म्हटलं, हिला आता आणखी तासाभरानंच आपला राग येणार आहे. घरी पोचल्यावर ती चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. मी सहा डबे असे सरकवून ठेवले होते की फट दिसू नये. मावशीनं चष्मा वर केला.

"चौथा कुठाय?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते ते मलाही ठाऊक नाही. पण माझ्या आधी मागून आवाज आला.

"मावशी, तो वाळवंटात आहे," जयदीप म्हणाला. "म्हणजे असायला हवा. उत्तर सव्वीस अंश—"

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. खेळ, नियम, प्लॅस्टिकचं झाकण, जर्मन जोडपं, दम्मामची आई. मग ती बाहेर जाऊन सोफ्याच्या टोकाला बसली, पर्स मांडीवर, निघायच्या तयारीत बसतात तशी. चहा ठेवला तर म्हणाली, "नको." भात लावला तर म्हणाली, "भूक नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. तन्वीकडे वळून म्हणाली, "तुझ्या आईला विचार, माझी बॅग कुठं ठेवलीय."

तिसऱ्या माणसामार्फत बोलणं सुरू झालं होतं.

"आजी इज अँग्री," तन्वीनं मला सांगितलं, जणू मला दिसत नव्हतं.

जयदीप समोर जाऊन उभा राहिला. यंत्र दोन्ही हातांत धरून म्हणाला, "मावशी, चूक माझी आहे. नूपुरला माहीतसुद्धा नव्हतं. मी आत्ता जाऊन शोधतो. सापडल्याशिवाय येणार नाही."

"मीही येते," मावशी त्याला म्हणाली. "माझा डबा कुठल्या ठिकाणी नेऊन टाकलास ते मला डोळ्यांनी बघायचंय." आणि तिनं बॅगेतून नाशिकहून आणलेल्या चिवड्याची पिशवी काढून पर्समध्ये कोंबली. कितीही रागावली असली तरी मावशी खाण्याचं बरोबर घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

असरची, म्हणजे दुपारनंतरची, नमाज होऊन गेल्यावर आम्ही कच्च्या वाटेला लागलो. मागच्या सीटवर मावशी आणि तन्वी, पुढं आम्ही दोघं, आणि डॅशबोर्डवर ते पिवळं यंत्र. टेकाड दिसलं तेव्हा त्याच्याखाली एक पिकअप उभी होती. शेजारी चटई, स्टोव्हवर चहा. चटईवर हिरव्या ओढणीतल्या एक बाई मांडी घालून बसलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर माझा चौथा डबा!

यंत्र टुंग वाजलं.

आमच्यापैकी पहिली उतरली ती मावशी. वाळूत चप्पल रुतत होती तरी ती सरळ चटईपर्यंत गेली आणि म्हणाली, "हा डबा माझा आहे."

बाई चटकन उठल्या. "तुमी नूपुर?"

"मी शीलामावशी," मावशी म्हणाली आणि डब्यावरच्या नावावर बोट ठेवलं.

"या अल्ला! मावशीच आल्या!" बाईंनी हाक मारली, "अवं, इकडं या! डब्याची मान्सा गावली!" पिकअपमागून त्यांचे नवरे धावत आले. मोहियुद्दीनभाई आणि रुकय्याबाई, श्रीवर्धनकडचे. भाई पलीकडच्या एका फार्मवर दर रविवारी किराणा पोचवतात आणि शुक्रवारी दोघं या टेकाडाशी चहा प्यायला येतात.

रुकय्याबाईंनी सगळं सांगितलं. "मना हितं दगडाखाली डबा गावला. वर मराठी नाव. मना वाटला कोनी बाय पिकनिकला आली नि डबा इसरून गेली. आत पेन, नाणी, कसला कागद, पोरांचा खेळ असंल. घरी नेला, घासला. मंग म्हनला, कोनाचा डबा खाली, रिकामा कसा देवाचा? म्हनून वड्या करून भरला, नि यांना सांगितला, रविवारी जाताना व्हता तिथंच ठेवा. जिचा हाय ती बघायला येईलच ना!"

"पुढच्या शुक्रवारी आलो तर वड्या खलास," मोहियुद्दीनभाई म्हणाले. "आत की-चेन. ही बोलते, बघा, बाय येऊन गेली, वड्या घेतल्या, आपल्याला गिफ्ट ठेवली. आता परत खाली कसा ठेवायचा?"

"मंग परत नेला, परत भरला. आज बघते तर बखूर!" रुकय्याबाई हसायला लागल्या. "मी म्हनला, ही बाय डबा काय नेत नाय. आज भेटल्याबिगर उठायचाच नाय. वड्यापन ताज्या भरल्या."

म्हणजे प्रत्येक शनिवारी आम्ही कपारीत डोकी घालत होतो, तेव्हा माझा डबा या बाईंच्या ओट्यावर घासूनपुसून पालथा पडलेला असायचा. जयदीप तोंड उघडं टाकून ऐकत होता. "पण आत मी चिठ्ठी ठेवली होती," तो म्हणाला, "हा खेळ आहे, डबा हलवू नका, अशी. इंग्रजी आणि अरबीत."

"वाचली ना," मोहियुद्दीनभाई शांतपणे म्हणाले. "पन डबा तर बायकोचा होता तुमच्या. तिचा काय खेळ?"

मला हा माणूस फार आवडला.

मावशीचं लक्ष मात्र डब्यावरच होतं. तिनं डबा हातात घेतला, उलटा करून बूड बघितलं, कडा चाचपल्या, नावावरून अंगठा फिरवला. मग झाकण उघडलं. आत गुलाबी वड्या, एकावर एक, मध्ये मध्ये कागद घालून लावलेल्या. तिनं एक उचलली आणि खाल्ली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे.

"वेलदोडा जास्त झालाय," मावशी म्हणाली.

"हां, ते यांना आवडतो म्हनून," रुकय्याबाई म्हणाल्या.

मावशीनं दुसरी खाल्ली. मग ती चटईवर बसली, मला म्हणाली, "नूपुर, ताटली आण," आणि माझ्या जिवात जीव आला. माझं नाव घेतलं होतं तिनं, तन्वीमार्फत नाही! मी धावत जाऊन गाडीतून कागदी ताटल्या आणल्या. मावशीनं वड्या ताटलीत काढल्या, रिकामा डबा पदरानं पुसला, पर्समधून चिवड्याची पिशवी काढून सगळी त्यात ओतली. हलवून हलवून बसवली. झाकण लावलं. आणि डबा रुकय्याबाईंच्या हातात दिला.

"मावशी!" मी ओरडलेच. "अगं, डबा आपला आहे!"

"मग?"

"मग तो घरी न्यायचा! त्याच्यासाठीच तर आलो इतक्या लांब!"

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तिच्या वर्गातली 'ब' तुकडीतली मुलगी झाले. "दोनदा भरून दिलाय बाईनं. आजचा तिसरा. भरून आलेला डबा रिकामा करून घरी घेऊन जायचा? हेच शिकवलं का मी तुला?"

"पण नाव तुझं आहे त्याच्यावर!"

"म्हणूनच," मावशी म्हणाली.

रुकय्याबाईंनी डबा छातीशी धरला. "मंग मी पन खाली नाय देवाची," त्या म्हणाल्या. दोघी एकमेकींकडे बघत मान डोलवायला लागल्या. मी हिशेब करून बघितला. या दोघींच्या नियमानं हा डबा माझ्या शेल्फावर जन्मात येणार नव्हता.

जयदीप तेवढ्यात पुढं सरकला. डोळे चमकत होते. "मग असं करू," तो म्हणाला, "देवाणघेवाण इथूनच चालू ठेवू? या कपारीतून? नियमात जरा बसत नाही, पण—"

"तू गप्प बस," मावशी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तो सहीचा कागद कुठाय?"

वड्या भरताना रुकय्याबाईंनी तो चटईवर काढून ठेवला होता, जयदीपनं उचलून दिला. आधी जर्मन जोडप्याच्या सह्या, मग दम्मामच्या पोराची. त्यांच्याखाली मावशीनं शाळेच्या निकालपत्रकावर करायची तशी वळणदार सही केली आणि गावाचं नाव लिहिलं, नाशिक. नाशिक पॉइंटला नाशिकहून कुणी आलं, ते ती पहिलीच. जयदीप त्या कागदाकडे बघत राहिला. मला वाटतं, तो रडणार होता. तन्वीनं त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "माय डॅड." बाकावर बसलेली तीच मुलगी ही, मी ते नोंदवून ठेवलं आहे.

मावशी महिनाभर राहिली. त्यात डबा चारदा गेला आणि चारदा आला. शंकरपाळे गेले, खजुराच्या वड्या आल्या. थालीपिठाची भाजणी गेली, तांदळाच्या पिठाची तळलेली गोड बोरं आली. मावशी रुकय्याबाईंकडे जाऊन आली तेव्हा तिथंही आधी स्वयंपाकघरात गेली. डबा ओट्यावर होता, आणि आमच्या घराकडं निघायला भरून तयार होता. मावशीनं झाकण दाबून बघितलं आणि मगच बाहेर येऊन बसली. साइटवरही तो आता प्रसिद्ध आहे. कधी कपारीत असतो, कधी नसतो, आणि लोक लिहितात, 'आज नव्हता, पुन्हा येऊ.' जयदीप रोज दात घासायच्या आधी ते वाचतो आणि शीळ घालत चहा पितो. पलंगाखालचा बिल्लेवाला डबा त्याच्या ऑफिसात गेला. माझ्या शेल्फावर तिसऱ्या आणि पाचव्याच्या मध्ये फट आहे ती आहेच.

नाशिकला गेल्यावर मावशीनं आधी वहिनीला फोन केला. परातीबद्दल काही बोलली नाही म्हणे, चिवड्याला कढीलिंब किती घालते ते विचारलं. वहिनी इतक्या गोंधळल्या की त्यांनी लगेच मला फोन करून विचारलं, "तिची तब्येत बरी आहे ना गं?"

मला मावशी दर रविवारी फोन करते. पहिला प्रश्न अजून तोच असतो.

"डबा कुठाय?"

"बाहेर आहे, मावशी."

"भरून ना?"

"भरून."

"मग ठीक," ती म्हणते आणि मग माझी चौकशी करते.